डॉक्टर व्हायचंय? मग पहाटे साडेचारला उठा

नावाआधी ‘डॉ.’ हवं असं वाटायला लागलं की घाबरून जाऊ नका, पंचेचाळिशीनंतर मास्तर लोकांना हे होतंच, काहींचे गुडघे धरतात, काहींना हे. मला झालं ते भाचीच्या लग्नपत्रिकेमुळे. निमंत्रकांच्या यादीत आमचे एक लांबचे काका, होमिओपॅथीचे डॉक्टर, दवाखाना बंद करून पंधरा वर्षं झाली तरी सगळ्यात वर, आणि मी, मुंबईतल्या अनुदानित मराठी शाळेची पर्यवेक्षिका, तेवीस वर्षं सर्व्हिस, नुसती ‘सौ.’ म्हणून खालून तिसरी. त्याच रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मी मोबाइलवर ‘ऑनलाइन डॉक्टरेट, एज्युकेशनल लीडरशिप’ टाइप केलं. तेव्हापासून जे काही शिकले ते फुकटात सांगतेय, घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे वेबसाइटवर जो ‘अधिक माहितीसाठी’ फॉर्म येतो त्यात आपला खरा मोबाइल नंबर द्याच. घरात कोणी विचारपूस करत नसेल तर हा उत्तम उपाय आहे. दुसऱ्या मिनिटाला ॲडमिशन काउन्सेलरचा फोन येतो आणि मग येतच राहतो, परिपाठ चालू असताना, मधल्या सुट्टीत, दादरला गाडी बदलताना, एकदा तर सत्यनारायणाच्या आरतीत. हा मुलगा तिसऱ्या दिवसापासून तुम्हाला ‘डॉक्टर मॅम’ म्हणायला लागतो, आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटतं. ‘मॅम, तुमच्या प्रोफाइलला स्कॉलरशिप अप्रूव्ह झालीय, पण ती आज रात्री बारापर्यंतच व्हॅलिड आहे.’ ती रात्र मग पुढचे चार महिने संपत नाही, साडीवाल्याच्या ‘सेलचा शेवटचा दिवस’ बोर्डासारखी.

त्याला यूजीसीबद्दल, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाबद्दल, मात्र विचारू नका, पोराचा मूड जातो. ऑक्टोबर २०२२ मधे यूजीसी आणि तंत्रशिक्षणाची परिषद एआयसीटीई ह्यांनी मिळून जाहीर सांगितलं होतं की एडटेक, म्हणजे ऑनलाइन शिक्षण विकणाऱ्या, कंपन्या परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून जी ऑनलाइन पीएचडी विकतायत ती मान्यताप्राप्त नाही, जाहिरातींना भुलू नका. पुढच्याच महिन्यात पीएचडीचे नवे नियम आले, त्यातही आपल्याकडच्या कुठल्याही विद्यापीठाला ऑनलाइन किंवा डिस्टन्सनं पीएचडी देता येणार नाही असं स्पष्ट आहे. मी हे दबक्या आवाजात विचारलं तर तो म्हणाला, ‘मॅम, बी पॉझिटिव्ह.’ झाले मी पॉझिटिव्ह.

म्हणून आपण पीएचडीच्या वाटेला जायचंच नाही, आपण घ्यायची एडडी. डॉक्टर ऑफ एज्युकेशन. ही अमेरिकेत खरीखुरी डिग्री आहे बरंका, तिकडचे नोकरी करणारे प्रिन्सिपॉल आणि सुपरिंटेंडेंट लोक घेतात, कामाच्या जागेवरचा एखादा प्रश्न धरून त्यावर अभ्यास करतात, आणि रीतसर ॲक्रेडिटेड विद्यापीठातून केली तर मेहनतही भरपूर असते. १९२० च्या सुमाराला हार्वर्डनं ती पहिल्यांदा काढली, पुढे त्याच हार्वर्डनं स्वतःकडची एडडी बंद करून पीएचडी आणली, आणि त्याआधी २००७ मधे बऱ्याच विद्यापीठांनी मिळून कार्नेगीच्या नावानं एक प्रकल्प सुरू केला, कशासाठी, तर एडडी ही पीएचडीपेक्षा नेमकी वेगळी कशी ते ठरवायला. म्हणजे पंच्याऐंशीएक वर्षं डिग्र्या वाटल्यावर. आपल्या संस्थेच्या कार्यकारिणीला हे कळलं तर केवढा धीर येईल.

आपल्याकडे ती पीएचडीच्या जागी चालेल का, पगारात काही वाढेल का, असल्या शंका काढणाऱ्या नवऱ्याला चहा करायला पाठवा. पत्रिकेत चालते.

फॉर्ममधे जीआरई ही प्रवेशपरीक्षा लागत नाही हे ठळक अक्षरात लिहिलेलं असतं. फी क्रेडिटमागे इतके डॉलर अशी सांगतात, त्यामुळे ती कमी दिसते. पन्नास-साठ क्रेडिट असतात, तो गुणाकार लोकलमधे उभ्यानं करू नका, पडाल. बँकेत गेलात की तिथला साहेब प्रेमानं सांगतो, रिझर्व्ह बँक वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवू देते, काळजी नको. मला त्या मर्यादेची काळजी नव्हतीच.

ट्रान्सक्रिप्टचं मात्र मनावर घ्या. पंचवीस वर्षांपूर्वीची मार्कशीट घेऊन आपापल्या विद्यापीठाच्या खिडकीवर जायचं, तिथून दुसऱ्या खिडकीवर, तिथून चलन भरायला, परत पहिल्या खिडकीवर, तोवर लंच झालेला असतो. मी तीन सीएल घालवल्या. चौथ्या वेळी पाकीट मिळालं, बंद, वर शिक्का, आणि घरी आल्यावर सासूबाईंनी कौतुकानं उघडून बघितलं की आत काय आहे. उघडलेलं पाकीट चालत नाही. पुन्हा खिडकी.

आता मुख्य पदार्थ, स्टेटमेंट ऑफ पर्पज. ह्यात आपण शिक्षणक्षेत्रात बदल कसा घडवला ते पाचशे शब्दांत इंग्रजीतून सांगायचं असतं. इथे आपली मराठी शाळेची माणसं फसतात, खरं लिहायला जातात. खरं लिहून कसं चालेल? आपला खरा प्रश्न असा की पट, म्हणजे मुलांची संख्या, घसरतोय, पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून सरकार शिक्षकांची पदं ठरवतं त्यात, पदं उडतात, पदं उडाली की शिक्षक अतिरिक्त, मग त्याचं समायोजन कुठे तर जिथे कोणालाच जायचं नाही तिथे, आणि पट टिकवायला जून महिन्यात आपण हातात पत्रकं घेऊन चाळीचाळीतून दारं वाजवतो. आता संचमान्यतेला इंग्रजीत काय म्हणाल? मी दोन रात्री डोकं फोडलं. शेवटी ‘स्टेकहोल्डर’ हा शब्द आठ वेळा घातला तेव्हा कुठे परिच्छेद भरल्यासारखा दिसला. पालक स्टेकहोल्डर, संस्था स्टेकहोल्डर, खिचडी करणारा बचत गट स्टेकहोल्डर. सरल आणि यू-डायस ह्या सरकारी पोर्टलवर मुलांचे आधार जुळवत बसतो त्याला म्हणायचं ‘डेटा-ड्रिव्हन डिसिजन मेकिंग’. बीएलओ म्हणून मतदारयाद्या घेऊन उन्हात फिरलात? ‘कम्युनिटी एंगेजमेंट’. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ मधे शिक्षकांना बाहेरची कामं लावू नका असं म्हणलंय आणि त्याच वाक्यात जनगणना, आपत्ती आणि निवडणुका वगळल्यात, तर ह्या वगळलेल्या कामांतून तुमची अर्धी लीडरशिप सहज निघते, माझी निघाली.

आणि एक गोष्ट हवीच, डोळ्यांत पाणी आणणारी. माझ्याकडे होती. आमच्या शाळेमागच्या चाळी रिडेव्हलपमेंटला गेल्या, माणसं प्रतीक्षानगरच्या ट्रान्झिट कॅम्पात हलली आणि दिवाळीनंतर अकरा मुलं यायचीच बंद झाली. मग त्यांच्या घरी जाऊन, आईबापांशी बोलून, बसचा पास काढून देऊन त्यातली बरीचशी परत आणली गेली. ‘आणली गेली’ हे मराठीत ठीक आहे, इंग्रजीत कर्ता लागतो. मी ‘आय’ टाकला.

वाचनातले विद्वान पण पेरायला लागतात, त्यात चूक करू नका. जेम्स मॅकग्रेगर बर्न्स, १९७८, ट्रान्सफॉर्मेशनल लीडरशिप. रॉबर्ट ग्रीनलीफ, १९७०, सर्व्हंट लीडरशिप, म्हणजे नेत्यानं आधी सेवक असावं, हा माणूस निवृत्त होईपर्यंत टेलिफोन कंपनीत होता. ही नावं घेतली की पॅनल मान हलवतं. मी पहिल्या ड्राफ्टमधे मूर्खासारखं ताराबाई मोडकांबद्दल लिहिलं होतं. डहाणूजवळ कोसबाडला आदिवासी मुलं गुरं चारायला जायची म्हणून शाळेत येईनात, तर ह्या बाईंनी आणि अनुताई वाघांनी शाळाच कुरणात नेली, कुरणशाळा. डहाणू लोकल पकडून जाऊन बघता येतं कोसबाड. काउन्सेलर म्हणाला, ‘मॅम, नाइस स्टोरी, पण ह्याला पीअर-रिव्ह्यूड सायटेशन आहे का?’ मी काढून टाकलं. भिडेवाडा पण काढला, शोधनिबंधांना असतो तो डीओआय नंबर १८४८ चा मिळेना.

क्लासची वेळ विचारून घ्या. ‘संध्याकाळी सात, ईस्टर्न टाइम, नोकरदारांसाठी सोयीस्कर’ असं असतं. सोयीस्कर कोणाला ते डोंबिवलीत राहून कळतं, उन्हाळ्यात तो आपला पहाटेचा साडेचार आणि नोव्हेंबरात तिकडे घड्याळं मागे सरकवली की साडेपाच. आमच्याकडे पाणी येतं पाच ते सहा. ट्रायल क्लासला मी बसले, तेव्हा साडेचारवाला सीझन चालू होता, कॅमेरा लावून, वर चांगला कुर्ता, खाली गाऊन, प्रोफेसरबाई डिस्ट्रिब्युटेड लीडरशिप समजावतायत आणि मागे बाथरूममधे पिंप भरून वाहायला लागलं. म्यूट करून धावले. परत आले तर स्क्रीनवर ब्रेकआउट रूम, तिथे टेक्सासचे एक मुख्याध्यापक एकटेच माझी वाट बघत बसलेले. विचारलं सगळं ठीक आहे ना. मी म्हणलं, ‘वॉटर मॅनेजमेंट.’ त्यांनी ते लिहून घेतलं.

आता शिफारसपत्रं. तीन लागतात माझ्या फॉर्मात. एक वरिष्ठाचं, एक शिकवलेल्या प्राध्यापकाचं, आणि एक तुमच्या हाताखाली काम करणाऱ्याचं, ज्यानं तुमचं नेतृत्व जवळून पाहिलंय. पहिलं सोपं. मुख्याध्यापक सरांकडे गेले तर ते शालार्थच्या पगारबिलात मान खाली घालून बसलेले, म्हणाले, ‘अहो मॅडम, तुम्हीच काय ते चांगलं लिहून आणा, मी सही करतो.’ मी लिहून नेलं, स्वतःला दोनदा ‘व्हिजनरी’ म्हणून, जरा लाज वाटली म्हणून तिसरं काढलं. सरांनी ज्या पेनानं खिचडीच्या चव नोंदवहीवर सही केली त्याच पेनानं ह्यावर केली. खिचडी निदान चाखली होती. बीएडच्या प्राध्यापकांना मी आठवत नव्हते, त्यांनी ‘मजकूर पाठवा’ असा मेसेज केला आणि सोबत गुलाबाचं फूल.

राहिलं तिसरं. शिक्षकांपैकी कोणाला सांगावं तर स्टाफरूमभर होईल, म्हणून मी आमच्या शिपाई मामांना विचारलं. मामा म्हणजे शाळेत मोटर कधी लावायची, कुठल्या वर्गात आज बाई नाहीत, कोणाच्या बापाची नोकरी गेलीय, कोणत्या पोराला डबा नाही, हे सगळं ज्यांना विचारून आम्ही लीडरशिप करतो ते. त्यांच्या बारावीतल्या मुलीनं त्यांना मेल आयडी काढून दिलाय, त्यामुळे पोर्टलची लिंकही जाणार होती. मी प्रिंट नेऊन ठेवली त्यांच्या स्टुलाजवळ, घंटेखाली, म्हणलं मामा, खाली फक्त सही.

मामांनी चष्मा पुसला. ‘आधी वाचून दाखवा की काय लिहिलंय. मराठीत.’

मुख्याध्यापकांनी आणि प्राध्यापकांनी न वाचता सही केली असती अशा कागदासाठी मला व्हरांड्यात उभं राहून भाषांतर करायला लागलं. मॅडमची दूरदृष्टी वगैरे ते ऐकून घेत होते, मान डोलवत. मग ती गोष्ट आली. परिसरातल्या चाळी पाडल्यावर अकरा मुलांची गळती झाली, मॅडमनी परिस्थिती ओळखून घरोघरी संपर्क मोहीम राबवली आणि नऊ मुलं पुन्हा प्रवाहात आणली.

‘दहा,’ मामा म्हणाले. ‘तो सातवीतला डावरा पण आला ना नंतर, जूनमधे. त्याच्या आजीकडे तीनदा जायला लागलं.’

मी पेनानं नऊचे दहा केले.

‘आणि मॅडम, सायकल कुणाची होती ते नाय आलं ह्याच्यात.’

एवढं बोलून त्यांनी सही केली, सावकाश, पूर्ण नाव, आणि तास संपला होता म्हणून घंटा द्यायला उठले.

तर काय सांगत होते, तिसरं पत्र शक्यतो न वाचता सही करणाऱ्याकडूनच घ्या. आणि शेवटच्या तारखेचं टेन्शन घेऊ नका, त्यांचे रात्रीचे बारा म्हणजे डिसेंबरात आपले दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेदहा, तेवढ्यात पत्रात एखादी सायकल सहज बसते. मी बसवणार होते, पण माझे पाचशे शब्द भरले होते.