आत्याची कॅप्सूल बंद करणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

आत्याच्या कालनिर्णयावर पेनाच्या फुल्या असतात. एकवीस दिवस लेनालिडोमाइड ही कॅन्सरवरची कॅप्सूल, मग सात दिवस सुट्टी. या महिन्यात फुल्या अकरा तारखेलाच थांबल्या. विचारलं तर तिनं मोबाइल पुढे केला. 'ही कॅप्सूल म्हणजे बंदी घातलेलं थॅलिडोमाइडच. शरीरातली सगळी प्रथिनं खाते. उंदरांवर चाललं की माणसाला देतात. हिच्यामुळेच दुसरा कॅन्सर होतो. आजच बंद करा.'

थॅलिडोमाइडची ही जवळची नातलग, हे खरं. १९५७ ते १९६१ मध्ये गरोदर बायकांनी ते घेतलं आणि दहा हजारांवर बाळं खुरटलेल्या हातापायांनी जन्मली. म्हणूनच मूल होऊ शकेल अशा बाईला लेनालिडोमाइड गर्भचाचणी केल्याशिवाय देत नाहीत. पण आत्या अडुसष्ट वर्षांची आहे! तिला मायलोमा, म्हणजे अस्थिमज्जेतल्या पेशींचा कॅन्सर आहे. तिला ही भीती कशाला घालता?

'सगळी प्रथिनं खाते' हे सगळ्यात घातक खोटं. पेशीत कुठलं प्रथिन मोडीत काढायचं ते निवडणारी यंत्रणा असते. सेरेब्लॉन हा तिचा एक भाग. औषध त्याला चिकटतं आणि त्याची निवड बदलते, हे धागेदोरे २०१० पासून उलगडत गेले. मायलोमाच्या पेशी ज्यांच्यावर जगतात ती इकारोस आणि आयोलोस ही प्रथिनं त्यामुळे मोडीत जातात. गर्भाचे हातपाय घडायला लागणारं एसएएलएल४ थॅलिडोमाइडमुळे तसंच मोडीत जातं, हे २०१८ मध्ये कळलं. उंदराचं सेरेब्लॉन आणि एसएएलएल४ दोन्ही मोक्याच्या जागी माणसापेक्षा वेगळी, म्हणून उंदरात हा दोष दिसतच नाही. त्यामुळे आता अशा औषधांसाठी माणसाच्या पेशींतली हजारो प्रथिनं मोजून कुठली घटली ते बघतात. एसएएलएल४ वर खास नजर असते.

दुसऱ्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो, मान्य. पण स्टेम सेल प्रत्यारोपणानंतरच्या तीन चाचण्यांचं, १,२०८ रुग्णांचं एकत्रित विश्लेषण २०१७ मध्ये आलं. ही कॅप्सूल चालू ठेवलेल्यांचा आजार मध्यमानाने ५२.८ महिने आटोक्यात राहिला, न घेणाऱ्यांचा २३.५ महिने. हा आकडा फॉरवर्डमध्ये का नाही?

खरा धोका म्हणजे पांढऱ्या पेशी घटणं आणि पायात रक्ताची गुठळी होणं. ताप आला, पोटरी सुजली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. बंद करायची असेल तर तेच सांगतील.

आज आत्याचं रक्त तपासायला दिलंय. रिपोर्ट संध्याकाळी येईल. पुढची फुली कधी मारायची ते डॉक्टर सांगतील.