समुद्र आहे म्हणून गोव्याची हवा शुद्ध? नाही हो!

सगळ्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, पावसातल्या हिरव्यागार डोंगराचा फोटो आणि खाली लिहिलंय की प्रदूषण हा दिल्लीवाल्यांचा प्रॉब्लेम, गोव्यात समुद्राचा वारा सगळं उडवून नेतो, धूर दिसत नाही म्हणजे हवा स्वच्छ, आणि थोडाफार कार्बन डायऑक्साइड असला तर तो आपली झाडं शोषून घेतात. माझ्या घरच्यांनीसुद्धा पाठवलाय, म्हणून नीट उत्तर देतोय.

आधी वाऱ्याचं बघू. उडवून नेतो, पण कुठे? दिवसा वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो. मुरगाव बंदरात जहाजांतून कोळसा उतरतो, रेल्वेने कर्नाटकातल्या स्टील कारखान्यांकडे जातो, आणि बंदराला चिकटून वास्को शहर आहे, मग ती भुकटी कुणाच्या घरात जाणार? खिडकीवरून फडका फिरवला की काळा होतो ही वास्कोकरांची तक्रार वर्षानुवर्षांची आहे. हां, पावसाळ्यात हवा खरंच धुऊन निघते, फोटो खोटा नाही. पण डिसेंबर-जानेवारीत रात्री वारा पडतो, जमिनीलगतची थंड हवा वर चढत नाही, आणि गाड्यांचा धूर, धूळ, कुणी पेटवलेला प्लास्टिकचा कचरा सगळं खालीच साचून राहतं. सकाळी वॉकला जाणारे तेच ओढतात.

कार्बन डायऑक्साइड पृथ्वी तापवतो, तो वेगळा आणि मोठा विषय. पण आपल्या देशाच्या एक्यूआयमध्ये, म्हणजे हवा किती खराब आहे ते सांगणाऱ्या आकड्यात, जे 8 प्रदूषक धरतात त्यात तो नाहीच: पीएम 10 आणि पीएम 2.5 (हवेतले 10 आणि 2.5 मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण), सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. झाडं धूळ थोडी अडवतात, मान्य, पण डिचोली-सांगेकडे खनिजाच्या ट्रकांच्या रस्त्यावर लाल धुळीने माखलेली काजूची पानं बघा, तिथे झाडाचाच श्वास कोंडलेला असतो.

आणि "दिसत नाही" हे तर सगळ्यात धोकादायक. पीएम 2.5 चा कण केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या भागाएवढा, तो फुफ्फुसात खोलवर जाऊन रक्तातही उतरतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. जमिनीलगतचा ओझोन तर कुठल्या सायलेन्सरमधून बाहेरच पडत नाही, नायट्रोजनचे ऑक्साइड आणि पेट्रोल-पेंटची वाफ यांच्यावर कडक ऊन पडलं की हवेतच तयार होतो. म्हणजे आकाश निळं असतानाच!

काहीजण एक्यूआय दाखवणाऱ्या ॲपचा हिरवा रंग दाखवतात. एक्यूआय 75 ला आपल्याकडे 'समाधानकारक' म्हणतात. तो आकडा पीएम 2.5 मुळे आला असेल तर हवेत ते दर घनमीटरला साधारण 45 मायक्रोग्रॅम असतं, आपली 24 तासांची मर्यादा 60, पण जागतिक आरोग्य संघटनेची 2021 पासून 15. तिप्पट झालं की! त्यामुळे घरात दमेकरी किंवा लहान मूल असेल तर रंगावर जाऊ नका, खालचा पीएम 2.5 चा आकडा उघडून बघा.