खुलासा: 'हॉलंड सपाट, 150 किलोमीटर सहज' या मेसेजबद्दल

नेदरलँड्समधल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: फ्लेव्होलँडच्या पोल्डरमध्ये चढच नाही, त्यामुळे नवख्यालाही रोडबाइकवर दिवसात 150 किलोमीटर सहज होतात, शिवाय रोडबाइकवाल्यांना सायकलमार्ग सोडून मुख्य रस्त्यावरून जायची मुभा आहे.

चढ नाही, हे खरं. समुद्राचा तळ कोरडा करून काढलेली जमीन ती, चढ येणार कुठून? पण आडोसाही नाही. हवेचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे ताशी 20 ने जाताना समोरून 30 चा वारा आला, तर हा रेटा शांत हवेतल्यापेक्षा सहापटीहून जास्त होतो. घाटाला निदान माथा असतो. लेलिस्टाड ते एन्कहाउझन हा सव्वीसेक किलोमीटरचा बांध आग्नेयेचा वारा असताना एन्कहाउझनकडून करून बघा. डच लोक तर ओस्टरस्खेल्डच्या धरणावर भर वादळात साध्या, बिनगिअरच्या सायकलींची 8.5 किलोमीटरची शर्यत लावतात. हौस!

जाताना वारा पाठीशी असला की आपण फार लांब जातो, आणि परतीला घामटं निघतं. म्हणून आधी वाऱ्याच्या तोंडावर निघा.

आणि ती मुभा? तशी नाही. निळ्या गोल पाटीवर पांढरी सायकल असेल तर सायकलमार्ग सक्तीचा, रोडबाइकलाही. 'फीट्सपाड' असं लिहिलेली आयताकृती पाटी असेल, तरच मार्ग ऐच्छिक.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याखाली हा खुलासा टाका.