स्की ट्रिपमध्ये रेस्ट डे म्हणजे दिवस वाया? खुलासा

एक मेसेज फिरतोय की स्कीइंगमध्ये पाय दुखतात ते लॅक्टिक अ‍ॅसिड (जोराच्या व्यायामात स्नायूंत तयार होणारं द्रव्य) साठल्यामुळे, म्हणून दुसऱ्या दिवशी अजून जोरात स्की करा, सगळं निघून जाईल, रेस्ट घेतली तर उलट पाय आखडतात. हे चुकीचं आहे हो.

लॅक्टेट (लॅक्टिक अ‍ॅसिड शरीरात याच रूपात असतं) स्कीइंग थांबवल्यावर तास-दीड तासात रक्तातून कमी होऊन जातं, रात्रभर पायात बसून राहत नाही. दुखतं ते वेगळ्याच कारणाने. उतारावर गुडघे वाकवून वेग सांभाळताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावत असतात, त्यात त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते, आणि हे दुखणं साधारण 24 ते 72 तासांत सगळ्यात जास्त जाणवतं, म्हणजे पहिल्या दिवशी हिरोगिरी केली की तिसऱ्या दिवशी जिना उतरताना रेलिंग धरावं लागतं (स्वानुभव, विचारू नका). अशा पायांत ताकद खरंच कमी असते, वळण उशिरा लागतं, स्की हवी तिथे जात नाही, आणि गुडघ्याला झटका बसायला तेवढं पुरतं.

मेसेजमधलं एक मात्र अर्धं खरं आहे, हालचालीने आराम वाटतो. हलकं चालणं किंवा पोहणं केलं तर तेवढ्यापुरतं बरं वाटतं. पण त्याने स्नायू लवकर भरून येत नाहीत.

मी तरी आठवड्याच्या ट्रिपमध्ये पहिला दिवस अर्धाच ठेवते, 2500 मीटरच्या वर मुक्काम असेल तर नक्कीच (उंचीवरच्या विरळ हवेची सवय व्हायला वेळ लागतो), आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुट्टी.