ताट वेगळं, खिडकी मात्र बंद

बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी-खानापूर भागात मोबाईलवर एक संदेश फिरत असतो: ‘टीबी घराण्यातून येतो. रुग्णाचं ताट-तांब्या, कपडे वेगळे केले की घर सुरक्षित. गोळ्या उष्ण पडतात, खोकला थांबला की बंद कराव्यात. धडधाकट माणसांनी तपासणीच्या फंदात पडू नये.’ चारही गोष्टी चूक, आणि सगळ्यात महागात पडते ती दुसरी.

घराण्याचं आधी उरकू. टीबी जंतूमुळे होतो हे रॉबर्ट कॉखने १८८२ सालीच दाखवलं. बाहेरून आलेल्या सुनेलाही तो होतो, तो काय रक्तातून?

आता ताट. फुफ्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकला, मोठ्याने बोलला की बारीक तुषार उडतात. ते सुकून एक ते पाच मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण उरतात, बंद खोलीत तासन्‌तास तरंगतात आणि श्वासावाटे फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोचतात. ताटाला किंवा चादरीला लागलेले जंतू तिथवर जात नाहीत. भांडी नेहमीसारखी घासली की पुरे. (दूध मात्र उकळूनच प्यावं, गुरांचा टीबी कच्च्या दुधातून येऊ शकतो.) पण ताट वेगळं झालं की घरच्यांना वाटतं, काम झालं. रात्री त्याच सोप्यात, खिडकी लावून, नातवंड आजोबांच्या कुशीत!

आपल्याकडे खरी पंचाईत पावसाळ्याची. झड आत येते म्हणून सगळं बंद. तरी ज्या बाजूने झड येत नाही तिकडची खिडकी आणि तिच्या समोरचं दार उघडं हवं. एकच बाजू उघडली तर हवा वाहत नाही. कौलाखालचे झरोके बुजवू नका. पंखा असा ठेवा की रुग्णाकडची हवा घरच्यांवर न येता खिडकीबाहेर जाईल. सुरुवातीचे काही आठवडे रुग्णाने मास्क लावावा, वेगळं झोपावं, झाकणाच्या डब्यात थुंकावं.

गोळ्यांचं म्हणाल तर साध्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा: दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. खोकला काही आठवड्यांतच कमी होतो आणि नेमकं तिथेच लोक गोळ्या सोडतात. उरलेल्या जंतूंत औषधाला दाद न देणारे माजतात आणि पुढे तेच घरात पसरतात. लघवी नारिंगी होते ती त्यातल्या रिफाम्पिसिन या औषधामुळे, उष्णतेने नव्हे. डोळे पिवळे दिसले किंवा उलट्या थांबेनात तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कोल्हापूर-मिरजेला उपचार सुरू करून गावी परतणाऱ्यांनी नि-क्षय क्रमांक (टीबीच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक) जपावा. त्यावरून उपचार इकडच्या सरकारी दवाखान्यात वर्ग करता येतो.

राहिली धडधाकट माणसं. जंतू अंगात शिरलेल्यांपैकी पाच ते दहा टक्के लोक आयुष्यात कधीतरी आजारी पडतात, आणि पहिल्या दोन वर्षांत धोका सर्वाधिक. म्हणून घरातल्या प्रत्येकाची तपासणी, पाच वर्षांखालच्या मुलांची सगळ्यात आधी. बीसीजी टोचलंय म्हणून निर्धास्त राहू नका. ती लस लहान मुलांना मेंदूच्या टीबीपासून वाचवते, मोठ्यांच्या फुफ्फुसाची हमी देत नाही. टीबी नसल्याची खात्री झाली की प्रतिबंधक औषध मिळतं: रोज आयसोनियाझिड सहा महिने, किंवा आठवड्यातून एकदा घ्यायच्या जोड-औषधाच्या बारा मात्रा. बेडका तपासायला देताना सकाळी उठल्या उठल्या चूळ भरून, खोल श्वास घेऊन छातीतून खाकरून काढावा. नुसती लाळ दिली तर रोग असूनही अहवाल ‘नाही’ येऊ शकतो.