उर्मट वाहतूक पोलिसाची तक्रार न करण्याविषयी मार्गदर्शन

पहिली गोष्ट, चूक तुमचीच होती हे मान्य करा. कोणती, ते नंतर ठरवता येईल. चौकात गाडी अडवली म्हणजे तुम्ही काहीतरी केलंच असणार, आणि केलं नसेल तर करायच्या बेतात असणार. पोलिसाने हात केला, तुम्ही गाडी कडेला घेतली, ‘काय झालं साहेब?’ असं विचारलं, आणि साहेबांनी चारचौघांत तुमचे डोळे, तुमचं शिक्षण आणि तुम्हाला लायसन्स देणाऱ्याची अक्कल यांची एका दमात चौकशी केली. ‘रस्ता बापाचा आहे का’ हा प्रश्नही झाला. त्याला उत्तर द्यायचं नसतं. चलन झालं, तुम्ही घरी आलात, आणि आता रात्री अंथरुणावर पडल्यावर एकाहून एक सरस उत्तरं सुचताहेत. अशा वेळी चांगली चांगली माणसं तक्रार करण्याच्या नादाला लागतात. तुम्ही लागू नये म्हणून हा खटाटोप.

तरीही राहवत नसेल, तर निदान दंड आणि उर्मटपणा यांची सरमिसळ करा. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत असं काही शहाणे सांगतात. चलन चुकीचं वाटलं तर महाट्रॅफिक या वाहतूक पोलिसांच्या ई-चलन ॲपवर हरकत घेता येते, न्यायालयात बाजू मांडता येते. आणि चलन शंभर टक्के बरोबर असलं तरी पोलिसाच्या बोलण्याची तक्रार वेगळी करता येते, असं त्यांचं म्हणणं. लक्ष देऊ नका. ‘हेल्मेट नव्हतं हे मान्य, पण बोलायची काही पद्धत असते की नाही?’ या सुरात अर्ज सुरू करा. वाचणाऱ्या अधिकाऱ्याचा वेळ वाचतो. ‘अर्जदाराने नियमभंगाची कबुली दिली आहे’ एवढं लिहून त्याला फाईल बांधता येते.

कायदा तर अजिबात वाचू नका. फार तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधलं कलम १३० वाचा: गणवेशातल्या पोलिसाने मागितलं की लायसन्स दाखवायचं. इथे पुस्तक मिटा. पुढे गेलात की डोक्याला ताप. २०१८ पासून कागदपत्रं डिजिलॉकरमधून मोबाईलवर दाखवली तरी चालतात हे कळतं, आणि मग ‘ओरिजिनल दाखव’ ऐकून घेणं जड जातं. लायसन्स ताब्यात घेतलं तर त्याची पोच द्यावी लागते (कलम २०६), गाडी अडकवून ठेवायला कलम २०७ मध्ये ठरलेली कारणं लागतात, आणि चालू गाडीची चावी खेचून खिशात टाकण्याचं कलम मात्र कितीही पानं उलटली तरी सापडत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने तर कहर केला. कलम २१० ब म्हणतं की हा कायदा राबवणाऱ्यांनीच तो मोडला तर त्यांना दंड दुप्पट. हे एकदा वाचलं की विनाहेल्मेट वर्दी दिसताच माणूस मनातल्या मनात गुणाकार करू लागतो. संसारी माणसाला हे छंद परवडत नाहीत.

कायद्याऐवजी फोनमधली नावं वाचा. मेव्हण्याचा वर्गमित्र क्राईम ब्रँचला असतो, सोसायटीच्या सेक्रेटरीचे व्याही निवृत्त फौजदार असतात, आणि ‘भाऊ’ या नावाने सेव्ह केलेला एक कार्यकर्ता तर कोणत्याही प्रहरी ‘दे फोन त्याच्याकडे’ म्हणायला तयार बसलेला असतो. फोन लावा, पोलिसापुढे धरा आणि म्हणा, ‘घ्या, साहेबांशी बोला.’ ओळख चालली, तर जो माणूस आत्ता तुमची अक्कल काढत होता तोच ‘अहो, आधी नाही का सांगायचं!’ म्हणून लाजतो. चलन होत नाही. उर्मटपणाचा विषयही तुमच्या डोक्यातून जातो. उलट ‘माणूस चांगला होता हो’ असा दाखला तुम्ही स्वतःच देता. पुढची काही वर्षं ही गोष्ट लग्नकार्यांत सांगता येते.

यात एकच बारीकशी अडचण आहे. तुमच्या मागे डिलिव्हरीचा एक पोरगा उभा असतो. त्याच्या फोनमध्ये भाऊ नाही. तुमच्यावर काढता न आलेला सगळा राग आता त्याच्या वाट्याला येतो, वर ऑर्डर पोचायला उशीर झाला म्हणून तिकडून वेगळी बोलणी. पण तोवर तुम्ही सिग्नलच्या पलीकडे गेलेले असता. आणि खरं सांगायचं तर उर्मटपणाचं तुम्हाला वावडं कधी नव्हतंच. त्याच चौकात, त्याच आवाजात टेम्पोवाल्याला झापलं जात होतं तेव्हा तुम्ही मागून हॉर्न वाजवलात, ‘आवरा लवकर’ म्हणून. तुमचं दुखणं एवढंच की त्या यादीत तुमचं नाव आलंच कसं. अर्जात हे बिनदिक्कत लिहा: ‘मी सुशिक्षित, नोकरदार व करदाता असूनही माझ्याशी अरे-तुरे करण्यात आले.’ वाचणाऱ्याला तुमची बाजू लगेच पटेल. जो करदाता नाही त्याच्याशी अरे-तुरे करायला हरकत नाही, यावर तुमचं आणि त्याचं एकमत आहे.

पोलिसाची बाजूही समजून घ्या. तो दिवसभर धुरात उभा असतो, बंदोबस्त लागला की त्याची रजा रद्द होते, आणि त्याचे साहेब त्याच्याशी वॉकीटॉकीवर कोणत्या भाषेत बोलतात ते तुम्ही ऐकलेलं नाही. वरून आलेलं खाली द्यायचं, ही खात्याची जुनी शिस्त. त्याने ते फक्त तुमच्यापर्यंत पोचतं केलं. शिवाय उन्हात उभं राहून भला माणूससुद्धा एकवचनी होतो. काळ्या काचांची लांबलचक गाडी, पुढे कुठल्याशा पदाची पाटी, अशी समोर आली की ऊन आपोआप उतरतं आणि बहुवचन परत येतं. हवामानाची तक्रार पोलीस खात्याकडे कशी करणार?

व्हिडिओ काढू नका. काढलात तर ‘सरकारी कामात अडथळा’ हे शब्द कानावर येतील आणि पाठोपाठ एक आकडा: ३५३. खरं तर हे जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम; १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ३५३ चं १३२ झालं. पण जुन्या आकड्याचा दरारा असा की चौकात अजून तोच चालतो. या कलमाला हल्ला किंवा बळाचा वापर लागतो, नुसता मोबाईल हातात धरून भागत नाही, हे कलमातच लिहिलेलं आहे. पण चौकात कलम उभं नसतं, पोलीस उभा असतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये सांगितलं की पोलीस ठाणं हे शासकीय गुपिते अधिनियमाच्या अर्थाने ‘निषिद्ध ठिकाण’ नव्हे, म्हणून तिथल्या चित्रीकरणाला तो कायदा लावता येत नाही. ठाण्याची ही कथा, तर भर चौकात कसलं आलंय गुपित, असा विचार मनात आलाच तर तो मोबाईलबरोबर खिशात ठेवा.

छातीवरच्या नावाच्या पट्टीकडेही बघू नका. नजर खाली ठेवली की पट्टी दिसत नाही आणि माणूस नम्रही वाटतो. आणि हो, चलनाचा मेसेज घरी पोचताच डिलीट करा. त्यात तारीख, वेळ, ठिकाण असतं. त्या वेळी त्या चौकात कोणाची ड्युटी होती हे वाहतूक शाखेला ठाऊक असतं. दोन्ही जुळवले, की ‘सदर कर्मचारी कोण हे निष्पन्न झाले नाही’ असं उत्तर द्यायला कोणाला जागा उरत नाही. कशाला कोणाला अडचणीत आणायचं?

रोजचा रस्ताही विसरू नका. उद्या त्याच चौकातून जायचंय. त्याच्यासमोरून दिवसाला इतक्या गाड्या जातात की कालचा चेहरा त्याला आज आठवणार नाही. तरीही तुमचा नंबर त्याला पाठ आहे, तो तुमचीच वाट बघत उभा आहे, ही भीती जिवापाड जपा. तक्रार न करण्याच्या सगळ्या कारणांत हे सर्वांत टिकाऊ.

आता जायचं कुठे? शहरात वाहतूक शाखेचे पोलीस निरीक्षक, त्यांच्या वर सहायक आयुक्त, त्यांच्या वर उपायुक्त. जिल्ह्यात पोलीस अधीक्षक. राज्य सरकारच्या ‘आपले सरकार’ पोर्टलवर तक्रार टाकता येते, आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात तक्रारी ऐकायला लोकशाही दिन असतो. (बाकीच्या दिवशी काय असतं, हे विचारायचं नाही.) तुम्ही यातलं काहीच निवडू नका. थेट राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाचं दार ठोठवा. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये पोलीस सुधारणांविषयीच्या प्रकाश सिंह खटल्यात राज्यांना अशी प्राधिकरणं नेमायला सांगितलं. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून त्याची तरतूद केली. शासकीय पंचांगात आठ वर्षं म्हणजे काही फार नव्हे. तिथे काय चालतं? कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, बेकायदा अटक, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन बळकावणं, अधिकाराचा गंभीर गैरवापर. ‘अक्कल काढली’ हे त्यात बसत नाही. बसवायचं तर आधी तुम्हाला कोठडीपर्यंत प्रगती करावी लागेल. म्हणूनच हे दार उत्तम: तक्रार केल्याचं समाधान पुरेपूर, आणि ती चालण्याचा धोका नाही.

अर्ज लिहिताना हात आखडता घेऊ नका. सुरुवात शिवरायांच्या न्यायापासून करा, मग ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ या ब्रीदाची आठवण द्या, मग ‘आमच्या करातून यांचे पगार होतात’, आणि जागा उरली तर घटना. पोलीस नेमकं काय बोलला ते मात्र लिहायचं नाही. ‘अत्यंत अशोभनीय भाषा वापरली’ एवढं पुरे. तो काय बोलला ते जसंच्या तसं, ठिकाण, वेळ, सोबत कोण होतं, चलनाचा क्रमांक, अशा सहा-सात ओळी लिहून देणारी काही रूक्ष माणसं असतात. पोचेचा शिक्का मिळाल्याशिवाय ती खिडकीवरून हलत नाहीत. त्यांच्या लिखाणात ना रस, ना अलंकार; कार्यालयातही त्यांच्याविषयी कोणी प्रेमाने बोलत नाही. तुम्ही शेवटी प्रती द्या: मा. मुख्यमंत्री, मा. पंतप्रधान, मा. राष्ट्रपती. जितक्या प्रती जास्त, तितकी ‘दुसऱ्याने बघितलं असेल’ असं म्हणायची प्रत्येकाला सोय.

कुठेही द्या, अर्ज ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ खाली सरकत सरकत बहुधा त्याच शाखेत येतो, जिथून ती वर्दी चौकात गेली होती. एक दिवस फोन येतो, ‘जबाब द्यायला या.’ तुम्ही अर्ध्या दिवसाची रजा टाकून जाता. खुर्ची मिळते. आवाज मऊ असतो. ‘एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला साहेब? बायकापोरं आहेत त्याला. प्रमोशन अडकेल.’ कोपऱ्यात तो उभा असतो, टोपी हातात, चौकातल्यापेक्षा बराच लहान दिसणारा. इथे तुमच्या मनात कालवाकालव होते, ती होऊ द्या. त्याला आपल्या बोलण्याबद्दल काय वाटतं, हे विचारू नका. तो विषय नाही. कोरा कागद पुढे येईल, त्यावर ‘माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही’ असं लिहून सही करा. मोठं मन केल्याचा आनंद मिळतो, घरी सांगायला ‘शेवटी माफी मागितली’ हे वाक्य मिळतं, आणि कागदोपत्री तुम्हाला कोणी काही बोललेलंच नसतं.

सही न करणाऱ्या हट्टी लोकांसाठी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम २५ मध्ये किरकोळ शिक्षांची यादी आहे: ताकीद, सेवापुस्तकात नोंदला जाणारा ठपका, जादा कवायत, एका महिन्याच्या पगारापर्यंत दंड, वेतनवाढ रोखणं. यातली जादा कवायत फक्त शिपायाला. वरच्या साहेबांच्या गुडघ्यांचा विचार कायद्यानेच केला आहे. तुमच्यापर्यंत बहुधा एकच ओळ पोचते, ‘संबंधितांस समज देण्यात आली आहे.’ ती कोणी दिली, कधी दिली, कुठे नोंदली, हे दहा रुपये भरून माहितीच्या अधिकारात विचारता येतं आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण या थराला गेलेल्या माणसाला पुढे सोसायटीच्या बैठकीलासुद्धा कोणी मनापासून बोलवत नाही.

त्यापेक्षा समाजमाध्यमं बरी. चलनाचा फोटो टाका, ‘ही यांची दादागिरी’ असं लिहा, वाहतूक पोलिसांच्या अधिकृत खात्याला टॅग करा. तासाभरात ‘सिस्टीमच सडलीय’ म्हणणारे जमतात, एक जण स्वतःचा किस्सा सांगतो, दुसरा ‘आधी हेल्मेट घाला’ म्हणतो, मग त्या दोघांची जुंपते आणि तुमचा अपमान आपोआप कडेला लागतो. खाली कुठेतरी त्या अधिकृत खात्याचं उत्तर येतं: ‘कृपया घटनेचे ठिकाण, वेळ व वाहन क्रमांक मेसेजद्वारे कळवा.’ त्याला लाईक करा आणि तसंच सोडून द्या. कळवलंत, तर तक्रार दाखल होऊन बसेल.