सही कोणाची, हा नंतरचा प्रश्न

नर्सने औषध लिहून द्यावं का, हा वाद भारतात अधूनमधून पेटतो. २०१९ च्या नॅशनल मेडिकल कमिशन कायद्यातल्या ३२ व्या कलमावरून तो चांगलाच तापला होता. डॉक्टर नसलेल्यांना 'कम्युनिटी हेल्थ प्रोव्हायडर' म्हणून मर्यादित परवाना द्यायची तरतूद त्यात होती आणि इंडियन मेडिकल असोसिएशनने त्याविरुद्ध संप पुकारला होता. पुढे २०२१ मध्ये इंडियन नर्सिंग कौन्सिलने बीएस्सी नर्सिंगचा अभ्यासक्रम बदलला. फार्माकॉलॉजीचे, म्हणजे औषधशास्त्राचे, तास ४५ चे ८० झाले, शिवाय प्रिस्क्रायबिंगच्या (औषध लिहून देण्याच्या) मूलतत्त्वांचं एक मॉड्यूल आलं. आमच्या बॅचमध्ये हा विषय निघाला की दोन तट पडतात आणि मग कुणीतरी मला विचारतं, "तुमच्याकडे इंग्लंडात तर नर्स सर्रास प्रिस्क्रिप्शन लिहितात ना?"

लिहितात, पण सर्रास नाही. मी इथे नर्स आहे, पण मीही लिहीत नाही. इथे १९९२ साली कायदा झाला, तो आधी समाजात काम करणाऱ्या नर्सेसपुरता आणि औषधांच्या छोट्याशा यादीपुरता. जवळपास सगळी औषधं लिहायची मुभा मिळायला २००६ उजाडलं. तीही नोंदणीनंतर काही काळ काम करून, वेगळा अभ्यासक्रम पास होऊन, रजिस्टरवर तशी स्वतंत्र नोंद झाल्यावर. आपल्याकडचा वाद नेमका या शेवटच्या टप्प्यावरून चालतो. मला बोलायचंय ते त्याच्या कितीतरी आधीच्या गोष्टीबद्दल.

भारतात नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना माझ्याकडे एक आजी होत्या. हार्ट फेल्युअर. रोज डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध आणि दोन वेळा फ्युरोसेमाइड, म्हणजे लघवी वाढवणारं औषध. दोन दिवस त्यांनी अन्नाला तोंड लावलं नाही, सारखी मळमळ. डॉक्टरांनी लिहून दिलेलं उलटीवरचं इंजेक्शन मी दिलं. डिगॉक्सिन द्यायच्या आधी स्टेथोस्कोप लावून नाडी पूर्ण मिनिटभर मोजली, ६४ भरली. साठच्या खाली असेल तर द्यायचं नाही, हा नियम मला तोंडपाठ होता. म्हणून दिलं. राउंडला केस पेपरवर 'सीएसटी' लिहिलं गेलं, म्हणजे आहे तेच चालू ठेवा. तिसऱ्या दिवशी नाडी एकदम उतरली आणि आजींना आयसीयूत हलवावं लागलं. पोटॅशियम खूप खाली गेलं होतं. रिपोर्ट आदल्या दिवशीच येऊन फाइलला लागला होता.

त्या वाचल्या. पण डिगॉक्सिन टॉक्सिसिटीची (औषध अंगात जास्त झाल्याची) लक्षणं मी तोंडी परीक्षेत न अडखळता सांगितली होती: भूक जाणं, मळमळ, पिवळसर दिसणं, नाडी मंदावणं. फ्युरोसेमाइडने पोटॅशियम जातं, हेही मला येत होतं, फक्त ते दुसऱ्या धड्यात होतं. हृदयाच्या पेशीतल्या सोडियम-पोटॅशियम पंपावर डिगॉक्सिन आणि पोटॅशियम यांची जागेसाठी चढाओढ असते. पोटॅशियम उतरलं की तोच डोस जड जातो, रक्तातली डिगॉक्सिनची पातळी ठीक असली तरीही. हे तीन धागे त्या एका खाटेशी एकत्र आणून बघायला मला कुणी शिकवलंच नव्हतं. परीक्षेत यायचं ते 'वर्गीकरण लिहा' आणि शेवटी पाच गुणांना 'नर्सची जबाबदारी'. औषध कुठलंही असो, त्या जबाबदारीत आम्ही त्याच सहा ओळी लिहायचो.

इथल्या वॉर्डात पहिल्याच महिन्यात एका सीनियर नर्सबरोबर औषधं देत होते. डिगॉक्सिनची गोळी काढायच्या आधी तिने स्क्रीनवर सकाळचा पोटॅशियमचा आकडा उघडला, मग किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन पाहिलं, आणि पेशंटला विचारलं, "आज काही खाल्लंत का?" सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचं काम. तिला त्यात विशेष काहीच वाटलं नव्हतं. मला मात्र ट्रॉलीपाशी उभं राहवेना.

दुसरी गोष्ट नकाराची. इथल्या ड्रग चार्टवर औषध न दिल्याचाही कोड असतो आणि कारण लिहायला जागा असते. किडनी निकामी होत चाललेल्या एका पेशंटला मॉर्फिन लिहिलेलं होतं. मॉर्फिनचं शरीरात जे रूपांतर होतं, ते अशा किडनीतून बाहेर पडत नाही, साचत जातं आणि श्वास मंदावतो. मी ते थांबवलं, फोन केला, डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि औषध बदललं. कुणाचा अपमान झाला नाही. विद्यार्थी असताना मी एकदा असाच डोसबद्दल प्रश्न विचारला होता. "लिहिलंय ते द्या, सिस्टर," एवढंच उत्तर मिळालं होतं. ते अजून खुपतं.

म्हणून इथलं सगळं उत्तम, असं मी म्हणणार नाही. ड्रिपचं मशीन बंद पडलं तर थेंब मोजून वेग लावणं इथल्या कित्येक नव्या मुलींना जमत नाही. आपल्या मुली नुसत्या नजरेने लावतात. स्क्रीनने हिरवा बाण दाखवला की डोकं बंद होतं, हेही मी पाहिलंय. स्टाफची कमतरता इथेही आहे. मात्र औषधांच्या हिशेबाच्या परीक्षेत इथे १०० टक्केच लागतात, एक गणित चुकलं तरी नापास. हा नियम मला फार पटतो. दशांशचिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट होतो, तिथे नव्वद टक्क्यांना काय अर्थ?

गावाकडच्या मैत्रिणी म्हणतात, "एका ड्यूटीला चाळीस पेशंट. पोटॅशियम बघायला वेळ कुठून आणू?" त्यांचं खरं आहे, आणि त्या चाळिसाच्या आकड्यावरून संप झाला तर मी त्यांच्याच बाजूने लिहीन. पण चाळीस पेशंटमध्ये कोणत्या चौघांचे रिपोर्ट आधी उघडायचे, हे ठरवायलाही फार्माकॉलॉजीच लागते. डिगॉक्सिन, रक्त पातळ करणारं वॉरफरिन, इन्सुलिन, किडनीला जड जाऊ शकणारं जेंटामायसिन हे अँटिबायोटिक ज्यांना चालू आहे ते आधी. ही निवड ज्या मुलीला करता येत नाही, तिच्या हाती प्रिस्क्रिप्शन पॅड दिलं काय नि न दिलं काय.

वाढलेल्या तासांपैकी निदान वीस तास वॉर्डात व्हावेत, एवढंच माझं मागणं आहे: एक पेशंट, त्याची ट्रीटमेंट शीट, त्याचे रिपोर्ट, आणि शेजारी ट्यूटर. माझ्या बॅचची एकजण आता शिकवते. तिने हे सुचवलं तेव्हा तिला विचारलं गेलं, हे तास थिअरीत दाखवायचे की क्लिनिकलमध्ये? उत्तर येईपर्यंत ती थांबलेली नाही. दर शनिवारी ड्यूटी संपल्यावर ती सहा मुलींना एका खाटेशी नेते आणि प्रत्येक औषधापुढे त्या दिवशीचा एक आकडा लिहायला लावते.